चंबूबाईंचं आधीचं घर

१

"तुमचं पहिलं घर तुम्ही गेल्या वर्षीच घेतलंय, बाई. आता हे दुसरं आम्ही कसं देणार?"

खिडकीपलीकडचा कारकून हे इतक्या सहजपणे म्हणाला, की चंबूबाईंना वाटलं, तो दुसऱ्याच कुणाशी बोलतोय. त्यांनी मागे वळून पाहिलं. मागे फक्त एक रिकामं बाकडं होतं.

आता चंबूबाई हे काही आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हे. पण विज्ञान शिकवणाऱ्या बाईंच्या हातात सदानकदा काचेचा चंबू दिसला, तर मुलं दुसरं काय म्हणणार? तोंडावर सगळे त्यांना 'विज्ञानाच्या बाई' म्हणत आणि पाठ फिरली की चंबूबाई. बाईंना हे पक्कं ठाऊक होतं आणि त्यांनी ते कधी मनाला लावून घेतलं नाही. आपणही तेच नाव वापरू.

तर चंबूबाई त्या दिवशी चावी घ्यायला आल्या होत्या. शिक्षकांच्या पहिल्या घराच्या योजनेत त्यांचा अर्ज मंजूर झाला होता. घर घेताना सुरुवातीला जी मोठी रक्कम भरावी लागते ती योजना भरणार, आणि पुढचे हप्ते शिक्षकानं आपल्या पगारातून फेडायचे. अटी दोनच होत्या. अर्जदार खरोखर वर्गावर शिकवणारा हवा आणि त्याच्या नावावर आयुष्यात कधी घर झालेलं नसावं.

बाईंनी घर निवडलं होतं तळमजल्यावरचं. दोन खोल्या, पुढे छोटंसं अंगण, आणि दारात एकही पायरी नाही. ती पायरी नसणं हेच त्यांच्या लेखी सगळ्यात मोलाचं होतं. कमरेचं हाड मोडल्यापासून त्यांची आई चौथ्या मजल्यावरच्या भाड्याच्या घरातून खाली उतरलीच नव्हती. आईचं आकाश म्हणजे खिडकीतून दिसेल तेवढं. त्यात घरमालकानंही जागा सोडायला सांगितलं होतं. शनिवारपर्यंत चावी घेतली नाही, तर तळमजल्याचं घर यादीतल्या पुढच्या माणसाला जाणार होतं.

"काहीतरी घोटाळा आहे," बाई म्हणाल्या. "मी कुठलंही घर घेतलेलं नाही."

कारकुनानं संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला. त्यावर चंबूबाईंचा फोटो होता, सही त्यांच्यासारखीच होती, शाळाही त्यांचीच. घर मात्र शहराच्या दुसऱ्या टोकाला, चौथ्या मजल्यावर.

"आणि हप्ते?" बाईंनी कसंबसं विचारलं.

"एकही चुकलेला नाही. दर महिन्याला रोख. फार चांगल्या कर्जदार आहात तुम्ही."

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. चोर घर लाटतो हे एक वेळ समजू शकतं. पण चोर वेळच्या वेळी हप्ते भरतो, हे कुठल्या शाळेत शिकवतात?

आतल्या खोलीतून एक उंच, संथ माणूस बाहेर आला. योजनेचा तपासनीस. त्यानं चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि बाईंकडे नीट पाहिलं.

"दोनच शक्यता आहेत," तो म्हणाला. "एक तर कुणीतरी तुमच्या नावानं घर घेतलंय. नाहीतर तुम्ही खोटं बोलताय. खरं सांगू? मला दुसरी जास्त सोपी वाटते."

२

कुलूपवाल्यानं कुलूप काढेपर्यंत चंबूबाई दाराकडे बघत उभ्या होत्या. दारावर पाटी होती. पाटीवर त्यांचं नाव होतं, संपूर्ण, पितळी अक्षरांत. स्वतःच्या भाड्याच्या घरावर त्यांनी इतक्या वर्षांत साधा कागदसुद्धा चिकटवला नव्हता.

"छान आहे पाटी," तपासनीस म्हणाला. तो टोमणा होता की कौतुक, कळायला मार्ग नव्हता.

शेजाऱ्यांनी इथे कधी कुणाला पाहिलं नव्हतं. आत गेल्यावर मात्र दोघंही थबकले. घर रिकामं होतं, पण ओसाड नव्हतं. खिडक्या पुसलेल्या होत्या. एका भिंतीला एकच पलंग, त्यावर घडी घातलेली चादर. टेबलापाशी एक खुर्ची, वाचायचा एक दिवा. स्वयंपाकघरातल्या फळीवर एक ताट, एक वाटी, एक पेला.

"ही जागा विकायला किंवा भाड्यानं द्यायला घेतलेली नाही," तपासनीस हळूच म्हणाला. "इथे कुणीतरी राहायला येणार आहे."

"एकटंच," चंबूबाई म्हणाल्या.

आपलं नाव दारावर लावून, आपल्या नावाच्या खोलीत कुणीतरी आपलं म्हातारपण मांडून ठेवलं होतं.

"कुणीतरी समोर आलं असेल ना सही करायला?" त्यांनी विचारलं.

"आमच्या योजनेत सगळं टपालानं चालतं. माणूस एकदाच बघतात. आमचा पाहणीवाला अर्जदाराला न सांगता शाळेत जातो आणि अर्जदार वर्गावर शिकवतोय का ते बघून येतो." तपासनिसानं खिडकी बंद केली. "तुमचीही पाहणी झाली होती. गेल्या वर्षी. आणि आमच्या माणसानं तुम्हाला शिकवताना पाहिलंय."

"कोणत्या दिवशी?"

त्यानं तारीख सांगितली. चंबूबाई मटकन त्या एकुलत्या एका खुर्चीवर बसल्या. त्या दिवशी त्या गावातच नव्हत्या. शाळेनं त्यांना प्रशिक्षणाला पाठवलं होतं.

३

तपासनीस दुसऱ्या दिवशी शाळेत आला, तेव्हा चंबूबाई वरच्या मजल्यावर टोकाच्या खोलीत शिकवत होत्या. अंगात नेहमीचा पांढरा कोट. तो दिवसभर प्रयोगशाळेच्या खुंटीवर असायचा आणि तासाला बाईंच्या अंगावर. बाई फळ्यावर आकृती काढायला वळल्या मात्र, मागे गलका सुरू झाला. कुणी पट्टी वाजवली, कुणी हसलं, कुणाचा तरी डबा खाली पडला. बाई वळल्या की शांत, पुन्हा फळ्याकडे वळल्या की पुन्हा तेच. त्यात खालच्या मजल्यावरून चित्रकलेच्या तासाचा गोंधळ वर येत होता, तो वेगळाच.

इतक्यात व्हरांड्यात चपलांचा आवाज आला. वर्ग एकदम गप्प झाला. खालचाही गोंधळ थांबला. मुख्याध्यापिका दारावरून पुढे गेल्या. शाळेत त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत. त्या जिना उतरेपर्यंत एकाही मुलानं मान वर केली नाही.

"आमच्यावेळीही असंच होतं," दाराशी आलेल्या तपासनिसाला चंबूबाई ओशाळून म्हणाल्या. "मीसुद्धा ह्यांच्याच हाताखाली शिकले. अजूनही त्यांच्यासमोर उभी राहिले की हात आपोआप मागे जातात."

तपासनीस पोलिसी माणूस नव्हता. समोर बसवायचा, चहा मागवायचा आणि बोलू द्यायचा. सगळ्यात आधी त्यानं चंबूबाईंच्या धाकट्या बहिणीला बोलावलं. दोघींचा चेहरामोहरा सारखा, बांधा सारखा, आणि बाईंचे सगळे कागद आईच्या ट्रंकेत, म्हणजे धाकटीच्या हाताशी.

"हो, मला नवऱ्याचं घर सोडायचं होतं," धाकटी सरळ म्हणाली. "ताईला विचारा, मी किती वेळा रडले ते. एखादी खोली मिळाली असती तर मी गेलेही असते. पण मी दोन मुलांना घेऊन गेले असते. एका पलंगावर तिघं कशी झोपणार होतो आम्ही?"

धाकटी असं काही मनात धरून होती, हे चंबूबाईंना त्या दिवशी पहिल्यांदाच पुरतं कळलं. रडणं त्यांनी ऐकलं होतं. घर सोडण्याइतकं ते खरं आहे, हे नव्हतं कळलं.

मग चित्रकलेच्या बाई आल्या. एकट्या राहणाऱ्या, फटकळ, आणि दुसऱ्याची सही हुबेहूब काढण्यात पटाईत. शिक्षकांच्या खोलीत त्या हे गंमत म्हणून करून दाखवायच्या. वर त्यांचा स्वतःचा अर्ज योजनेनं कधीचा फेटाळला होता.

"त्या दिवशी विज्ञानाचा तास तुमच्याकडे दिला होता," तपासनीस म्हणाला.

"मला कुणी सांगितलंच नाही. मी खाली माझ्या वर्गावर होते."

"मोठ्या बाई म्हणतात, त्यांनी निरोप पाठवला होता."

चित्रकलेच्या बाईंचा चेहरा उतरला. "मग मी काय बोलणार? त्यांचं खरं आणि माझं खोटं, हे तुम्ही आधीच ठरवून आलाय."

मोठ्या बाईंनी शांतपणे, नेमक्या शब्दांत सांगितलं, की पाहणीच्या दिवशी सकाळी त्या बैठकीला बाहेर होत्या आणि जाताना चित्रकलेच्या बाईंना तास द्यायला सांगून गेल्या होत्या. शिक्षकांचे कागद त्यांच्या खोलीतल्या कपाटात असतात. किल्ली खिळ्याला असते, आणि हे सगळ्यांना माहीत आहे. बोलून झाल्यावर त्यांनी चंबूबाईंच्या डोक्यावरून हात फिरवला.

"घाबरू नकोस," त्या म्हणाल्या. "तुझं घर कुठे जात नाही."

चंबूबाईंचे डोळे भरून आले. त्या गडबडीत तपासनीस काय म्हणाला, ते त्यांना नीट ऐकूच आलं नाही.

"चित्रकलेच्या बाईंना आजच निलंबित करा," तो म्हणत होता.

४

पाहणीवाले गृहस्थ आता दुसऱ्या गावी बदलून गेले होते. तपासनिसानं त्यांना फोन लावला आणि चंबूबाईंना ऐकू यावं म्हणून फोन टेबलावर ठेवला. शुक्रवार होता. उद्या घर जाणार होतं.

"आठवतं ना," पलीकडून उत्साहानं उत्तर आलं. "शिपायानं खालूनच बोट दाखवलं, वरची टोकाची खोली. मी दाराआड उभा राहिलो. आत जायचं नसतं आम्ही, वर्गाचं लक्ष जातं. बाई पाठमोऱ्या होत्या, अंगात पांढरा कोट. पूर्ण वेळ फळ्यावर लिहीत होत्या. चेहरा काही दिसला नाही, पण शिकवणं असं, की वा. मी शेऱ्यात खास लिहिलं. टाचणी पडली तरी ऐकू येईल इतका शांत वर्ग. इतक्या शाळा पाहिल्या, असा वर्ग नाही पाहिला."

तपासनिसानं आभार मानून फोन ठेवला.

"झालं," तो म्हणाला. "पाठमोरी बाई, तुमचा कोट, आणि तुमच्या जागी त्या तासाला पाठवलेली बाई. आता त्यांनी कितीही नाकारलं तरी..."

चंबूबाई त्याच्याकडे बघत होत्या, पण त्यांना तो दिसत नव्हता.

"काय झालं?" त्यानं विचारलं.

"त्या पूर्ण वेळ फळ्याकडे तोंड करून होत्या," बाई म्हणाल्या. "आणि मुलं गप्प होती."

"मग? चांगल्या शिकवत असतील."

तपासनिसानं आयुष्यात कधी वर्ग घेतला नव्हता आणि पाहणीवाल्यानंही. नाहीतर त्या दोघांनाही कळलं असतं, की शिक्षकाची पाठ वळल्यावर गप्प बसणारा वर्ग जगात नसतो. चंबूबाई वळल्या की तिथे बाजार भरतो. चित्रकलेच्या बाई असत्या, तर छप्पर उडालं असतं. धाकटी किंवा दुसरी कुणी अनोळखी बाई असती, तर ही कोण, कुठली, म्हणून कुजबुजीनं खोली भरून गेली असती. पाहणीवाल्याला ज्याचं अप्रूप वाटलं, ते शिकवणं नव्हतंच. ती भीती होती.

बाईंना उत्तर कळलं होतं आणि ते खरं असू नये म्हणून त्या मनातल्या मनात देवाला विनवत होत्या.

"मला जरा वर्गात जाऊन येऊ द्या," त्या म्हणाल्या. "तुम्ही इथेच बसा."

५

पाहणीच्या दिवशीची ती मुलं आता वरच्या इयत्तेत गेली होती. चंबूबाई आत शिरल्या तेव्हा नेहमीप्रमाणे अर्धा वर्ग उभा होता आणि अर्धा बाकाखाली काहीतरी शोधत होता.

"एक सांगा," बाई म्हणाल्या. "गेल्या वर्षी मी प्रशिक्षणाला गेले होते, तेव्हा माझा तास कुणी घेतला होता?"

या चौकशीत शिक्षकांना विचारलं, बहिणीला विचारलं, शेजाऱ्यांना विचारलं. खोलीत बसलेल्या चाळीसएक साक्षीदारांकडे जायचं मात्र कुणालाही सुचलं नव्हतं.

मुलं एकमेकांकडे बघू लागली. मग खिडकीजवळची एक मुलगी उठली. आवाज अगदी बारीक.

"मोठ्या बाईंनी. तुमचा कोट घालून आल्या होत्या. हजेरीपण घेतली नाही. नुसतं फळ्यावर लिहीत होत्या, धडा पुस्तकातला जसाच्या तसा. आम्हाला वाटलं, तुमच्याबद्दल काहीतरी तक्रार आलीय आणि त्या बघायला आल्यात."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"त्यात काय सांगायचं, बाई? तास तर झाला होता."

चंबूबाईंनी टेबलाची कड घट्ट धरली. ज्या हातानं त्यांना अक्षर गिरवायला शिकवलं, नोकरी लावून दिली, जो कालच डोक्यावरून फिरला, त्याच हातानं त्यांचं घर पळवलं होतं. त्यांना रडूही येईना.

६

मोठ्या बाईंच्या खोलीत त्या गेल्या आणि दार लावून घेतलं. हात आपोआप मागे गेले. मोठ्या बाईंनी मान वर करून पाहिलं, आणि चंबूबाईंनी तोंड उघडण्याआधीच त्यांना समजलं.

"बस," त्या म्हणाल्या.

"तुम्ही का केलंत हे?"

"कारण मला घर नाही." मोठ्या बाईंचा आवाज रोजच्यासारखाच होता. "एकदा झालं होतं. लग्नानंतर नवऱ्यानं घेतलं, कागदावर माझं नाव घातलं. मला न विचारता विकलं आणि निघून गेला. त्या घरात मी एक उन्हाळासुद्धा काढला नाही. पण योजनेच्या लेखी ते माझं पहिलं घर. संपलं. तुम्हा सगळ्यांच्या अर्जांवर मी सह्या करायच्या, तुमच्या घरांचे फोटो कौतुकानं बघायचे, आणि निवृत्त झाल्या दिवशी शाळेच्या आवारातली खोली रिकामी करून रस्त्यावर यायचं."

"पण माझंच नाव का?"

"तू म्हणायचीस, आई आहे तोवर मला घर नको. मला वाटलं, तुला लागणारच नाही. पाहणीची तारीख मुख्याध्यापिकेला आधी कळवतात, म्हणून त्याच दिवशी तुला प्रशिक्षणाला पाठवलं. मी तुझा एक पैसा घेतलेला नाही, हप्ते माझे मी भरतेय." त्या क्षणभर थांबल्या. "आणि दुसरी कुणी असती तर सापडल्यावर तिनं आकाशपाताळ एक केलं असतं. तू करणार नाहीस. लहानपणापासून ओळखते मी तुला."

चंबूबाईंना थोबाडीत बसल्यासारखं झालं. घर पळवलं त्याहून हे जिव्हारी लागलं. वर्गातल्या चाळीस मुलींमधून मोठ्या बाईंनी त्यांना जीव लावला होता, असं त्या आजवर समजत होत्या. मोठ्या बाईंनी त्यांच्यात वेगळंच काही हेरलं होतं.

"चित्रकलेच्या बाईंची नोकरी जाईल."

"चौकशी होईल. पुरावा मिळणार नाही. सुटतील."

"आणि माझं घर?"

"आहे ना तुझ्या नावावर एक. मी आहे तोवर मी राहीन, पुढे तुझंच आहे ते."

"चौथ्या मजल्यावर. माझ्या आईला चढता येत नाही."

मोठ्या बाईंनी सुस्कारा टाकला. एखाद्या हुशार मुलीनं सोपं गणित चुकवल्यावर टाकतात तसा.

"आईची अशी किती वर्षं राहिलीत, बाळ? मला अजून बरीच काढायचीत."

हे त्या सहज म्हणाल्या. त्यात दुष्टपणा नव्हता, हिशेब होता. चंबूबाईंच्या डोळ्यांसमोर आई आली. खिडकीपाशी खुर्ची ओढून बसलेली, खाली उतरल्यावर आधी काय काय बघायचं ते रोज नव्यानं ठरवणारी.

त्या उठल्या. त्यांनी दार उघडलं.

"तपासनीस साहेब, इकडे या," त्यांनी हाक मारली. आवाज इतका मोठा निघाला, की व्हरांड्यातली माणसं थांबून बघू लागली. "चित्रकलेच्या बाईंना सोडा. त्या दिवशी माझा कोट घालून वर्गावर ह्या उभ्या होत्या. सबंध वर्ग सांगेल."

तपासनीस धावतच आला. शिक्षकांच्या खोलीत आपलं सामान आवरायला आलेल्या चित्रकलेच्या बाई बाहेर आल्या होत्या आणि तोंडावर हात ठेवून उभ्या होत्या. मोठ्या बाईंनी काहीच नाकारलं नाही. त्यांनी खण उघडला, एक किल्ली काढली आणि टेबलावर ठेवली. चंबूबाईंकडे त्या अशा बघत होत्या, जणू ही बाई त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिली होती.

७

शनिवारी सकाळी चंबूबाईंना तळमजल्याची चावी मिळाली. तपासनिसानं स्वतः कागद फिरवून घेतले, माफी मागितली आणि चष्मा पुसत पुसत निघून गेला. चौथ्या मजल्यावरचं घर योजनेनं ताब्यात घेतलं. मोठ्या बाईंना नोकरीवरून कमी केलं, खोली ताबडतोब रिकामी करायला सांगितलं आणि प्रकरण पोलिसांकडे दिलं.

घरी धाकटी भांडी कागदात गुंडाळत होती. आता ती आणि मुलंही तळमजल्यावर यायची होती. ते चंबूबाईंनी आदल्या दिवशी न विचारताच ठरवून टाकलं होतं आणि धाकटी तेवढ्यावरून तासभर रडली होती. आई पलंगावर बसून आपल्या साड्या आणि शाली वेगळ्या करत होती. सगळी हकिकत तिनं सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकून घेतली. मोठ्या बाई आईबद्दल काय बोलल्या, तेवढं मात्र चंबूबाईंनी गाळलं.

"इतकी मोठी बाई," आई म्हणाली. "तुझ्या बाबांच्या वेळी रात्रभर माझ्याजवळ बसली होती."

"बघ ना," धाकटी म्हणाली. "आणि असा गळा कापला."

आई बराच वेळ शालीच्या घडीवरून हात फिरवत राहिली. मग तिनं विचारलं, "खोली रिकामी करायला लावली म्हणतेस. मग काल रात्री ती झोपली कुठे?"

चंबूबाईंच्या हातात नवी चावी होती. त्या आईकडे बघतच राहिल्या. कालपासून घराचा विचार झाला होता, फसवणुकीचा झाला होता, धाकटीच्या मुलांना कुठली खोली द्यायची याचासुद्धा झाला होता.

"माहीत नाही," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा त्यांनाच धक्का बसला.